दोनशे चौदा चौकटी

काशिराम घरत गुरुजींची कादंबरी पूर्ण झाली तेव्हा घरात जेवणं चालू होती. गुरुजी आतल्या खोलीतून बाहेर आले, पाटावर बसले, आणि भाताला हात लावण्याआधी म्हणाले की आज सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी 'क्षारवैभव' संपलं. पानं सहाशे बारा. मुलगा शैलेश म्हणाला, "अरे वा." सून कीर्तीने ताटलीतला कोळंबीचा शेवटचा तुकडा मान म्हणून गुरुजींच्या पानात वाढला. बायको मैना म्हणाली की संपलं ते बरं झालं, आता डोळ्यांना जरा आराम.

विचुंब्याच्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्यापासून गुरुजी या एकाच कामाला लागले होते. खाडीकाठचं मिठागर, तिथे राबणारा विठू नावाचा एक आगरी माणूस, त्याचं घरदार आणि शेवटी भराव घालून बुजवलं गेलेलं ते आगर, अशी ती गोष्ट होती. सहा वर्षं त्यांनी ती दोन बोटांनी टाइप केली. दोन प्रकाशकांनी साभार परत केली. तिसऱ्याने परतही केली नाही.

तेव्हा गुरुजींनी ठरवलं की आधी वाचकांसमोर जायचं. नवीन पनवेलच्या ज्येष्ठ नागरिक संघात त्यांचा एक वाचनगट होता. दर रविवारी सकाळी पंधरा-वीस जण जमत. त्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गुरुजींनी कादंबरीची पीडीएफ टाकली आणि दोन दिवस फोन जवळ घेऊन बसले.

फोन आले, पण तक्रारींचे. निवृत्त परिचारिका सुमतीताईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. त्या म्हणाल्या की अक्षर मुंगीएवढं दिसतं. दोन बोटांनी मोठं केलं की ओळीचा शेवट पडद्याबाहेर जातो. मग ओढत ओढत उजवीकडे जायचं, परत डावीकडे यायचं, आणि तोवर कोणती ओळ होती ते विसरायला होतं. नियाजभाई पटेलांची अडचण वेगळी होती. ते तीस वर्षं कुवेतच्या बंदरात नोकरी करून परतलेले. त्यांच्या मुलीने, यूम्नाने, त्यांना पुस्तकं वाचायचं एक यंत्र भेट दिलं होतं आणि ते यंत्र गुरुजींच्या फाइलला दारातूनच परत पाठवत होतं.

गुरुजींनी कीर्तीला हाक मारली. कीर्ती खारघरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होती, त्यामुळे पुस्तकांचे आजार तिला ठाऊक होते.

तिने समजावून सांगितलं की पीडीएफ म्हणजे पानाचा फोटो. फोटोतला माणूस जसा कूस बदलत नाही, तशी त्यातली अक्षरं हलत नाहीत. ईपब, म्हणजे फोनवर वाचायचं ई-पुस्तक, केलं की मजकूर पाण्यासारखा होतो, ज्या भांड्यात ओताल त्याचा आकार घेतो. मोठ्या फोनवर मोठा, छोट्यावर छोटा, सुमतीताईंना हवं तर एका पडद्यावर चारच ओळी. नियाजभाईंच्या यंत्रासाठी आणखी एक वेगळा प्रकार लागेल, तोही करता येईल. गुरुजींना पाण्याची उपमा आवडली. त्यांनी मूळ फाइल दिली आणि एकच अट घातली. काना-मात्रा इकडची तिकडे होता कामा नये.

कीर्तीने शनिवारी दुपारी फाइल सॉफ्टवेअरमध्ये घातली. पाच मिनिटांत काम झालं. तिने अर्पणपत्रिका पाहिली, अनुक्रमणिका पाहिली, सत्तावीसही प्रकरणं जागेवर होती, शेवटी 'समाप्त' होतं. काना-मात्रा नीट होत्या. तिने दोन्ही प्रकार ग्रुपवर टाकले आणि मासळी आणायला गेली.

एक गोष्ट तिला माहीत नव्हती. गुरुजी नोकरीत असताना सगळ्या शिक्षकांना संगणकाचा कोर्स सक्तीचा झाला होता. बाकीच्यांनी तो कसाबसा उरकला. गुरुजींना मात्र त्यातला एक धडा जन्मभर पुरला. पानावर कुठेही एक चौकट काढायची आणि तिच्यात मजकूर लिहायचा. त्या चौकटीला वेलबुट्टीची किनारही देता यायची. कादंबरी लिहिताना गुरुजींना वाटलं की साधा मजकूर साधा राहू दे, पण जे खास आहे, म्हणजे चांदणं, खाडीची भरती, पहाटेचा वारा, जीवनाविषयीचं चिंतन, ते चौकटीत शोभून दिसेल. अशा चौकटी दोनशे चौदा झाल्या. काहींची लांबी चार-चार पानं, काहींची त्याहून जास्त. आणि फाइलचं रूपांतर करताना त्या सॉफ्टवेअरने चौकटी म्हणजे नुसती सजावट समजून सगळ्याच्या सगळ्या वगळल्या. ईपबमध्ये पानांचा आकडा अक्षराच्या आकाराप्रमाणे बदलतो, त्यामुळे किती पानं गळली हे कोणाच्याच लक्षात येण्यासारखं नव्हतं.

सोमवारी सकाळी नियाजभाईंचा फोन आला. त्यांनी पुस्तक संपवलं होतं. गुरुजींना वाटलं की ते दुसऱ्या कुठल्या पुस्तकाबद्दल बोलतायत. पण नियाजभाई विठूबद्दल बोलत होते, आणि बोलता बोलता थांबत होते. "गुरुजी, दिल भरून आलं," ते म्हणाले. "आणि काय सांगू, एक लफ्ज फालतू नाही."

दुपारी सुमतीताईंचा फोन. विठूचं आगर बुजवायला गाड्या येतात ते प्रकरण वाचताना त्यांचं दूध उतू गेलं होतं, आणि ते पुसायलाही त्या उठल्या नव्हत्या. बुधवारपर्यंत नऊ जणांनी कादंबरी संपवली. सहाशे बारा पानं लोक दोन-दोन दिवसांत वाचतायत याचं गुरुजींना आश्चर्य वाटलं, पण फार वेळ नाही. त्यांनी मैनेला सांगितलं की चांगल्या भाषेची ताकद असते ती ही. मैना मासळी साफ करत होती. ती म्हणाली असंल. प्रकाशकांच्या पत्रांनी वाकलेली गुरुजींची मान आठवड्याभरात सरळ झाली.

सुमतीताईंची भाची मिताली पेणला छोटीशी प्रकाशनसंस्था चालवत होती. सुमतीताईंनी तिला फाइल पाठवली. मितालीचा फोन आला की तिला पुस्तक काढायचं आहे, आणि साधारण एकशे ऐंशी पानांचं होईल. गुरुजींनी नम्रपणे चूक सुधारली, की सहाशे बारा. मिताली म्हणाली की अक्षर बारीक घेतलं की तेवढी लागणार नाहीत. गुरुजींना वाटलं की छपाईची कला किती पुढे गेली आहे.

नियाजभाईंनी संघाच्या हॉलमध्ये कार्यक्रम ठरवला. लेखकाने आपला आवडता भाग वाचायचा, मग चर्चा. मितालीही येणार होती. रविवारी चाळीस-पंचेचाळीस माणसं जमली. मैना नवी नऊवारी नेसून दुसऱ्या रांगेत बसली होती आणि तिच्या शेजारी कीर्ती.

गुरुजी उभे राहिले. त्यांनी स्वतःसाठी कागदावर छापून आणलेली प्रत उघडली आणि सगळ्यांनी सोबत वाचावं म्हणून सांगितलं की पान दोनशे सात काढा. फाइल तोवर संघभर फिरली होती. हॉलमध्ये चाळीस फोन निघाले. सुमतीताईंनी अक्षर एवढं मोठं केलं होतं की त्यांच्या दोनशे सातव्या पानावर विठूचं अजून लग्नही झालेलं नव्हतं. पुढच्या रांगेतल्या एकांकडे तिथे गोष्टच संपली होती. नियाजभाई म्हणाले की त्यांच्या यंत्रात पान दाखवतच नाही, टक्के दाखवतं, तर किती टक्क्यांवर यायचं?

"पुस्तकाला टक्के कुठले?" गुरुजींनी विचारलं.

शेवटी प्रकरण सांगून त्यांनी प्रश्न सोडवला. प्रकरण नववं, विठूच्या बायकोला कळा सुरू होतात ते. सगळे तिथे आले. गुरुजींनी चष्मा नीट केला आणि वाचायला लागले.

"निशानाथ आपल्या रजतकिरणांच्या सहस्र जिव्हांनी त्या अथांग लवणपटलाचं आस्वादन करीत होता. निशानाथ थकला नव्हता. निशानाथ थकणार नव्हता."

हॉलमध्ये माना खाली गेल्या. लोक बोटं पुढे-मागे सरकवू लागले. सुमतीताईंनी शेजारणीच्या फोनमध्ये पाहिलं, शेजारीण त्यांच्याच फोनमध्ये बघत होती. गुरुजी दुसऱ्या पानावर गेले, तिसऱ्यावर गेले. निशानाथ आता खाडीवर आला होता. कोणीतरी खोकलं. कीर्तीने आपल्या फोनवर शोधाच्या जागी 'निशानाथ' टाइप केलं. एकही सापडला नाही. तिने 'चंद्र' टाकलं. अख्ख्या कादंबरीत एकच चंद्र निघाला, तोही मुकादम चंद्रकांत.

चौथ्या पानावर नियाजभाईंनी हात वर केला. ते अदबीचे गृहस्थ होते, मध्ये बोलणं त्यांना जिवावर आलं होतं.

"गुरुजी, माफ करा. विठूच्या बायकोला कळा सुरू झाल्यात, तिथंच आहोत ना आपण? मग हे निशानाथ कोण? यांचं नाव आधी कुठं आलं नाही."

कोणी हसलं नाही. सगळ्यांनाच तो प्रश्न पडला होता. गुरुजी मंचावरून खाली उतरले आणि नियाजभाईंचं यंत्र हातात घेऊन वाचू लागले. विठूच्या बायकोने कळ दाबत दाराची चौकट धरली होती. पुढच्याच ओळीत सुईण आली होती. या दोन ओळींच्या मध्ये गुरुजींनी अकरा पानांचं चांदणं पसरलं होतं, आणि त्यातला एक किरणही तिथे नव्हता. त्यांनी पुढचं पान काढलं, मग मागचं. मग यंत्र परत दिलं, आपले कागद मिटले, आणि घसा बसलाय, आज इथेच थांबू, असं म्हणून सर्वांचे आभार मानले.

रिक्षात कीर्तीने सगळं सांगितलं. चूक तिची होती, तिने प्रत्येक प्रकरण उघडून बघायला हवं होतं. गुरुजी बाहेर बघत होते. विचुंब्याचा फाटा आल्यावर ते बोलले.

"म्हणजे माझं पुस्तक कोणी वाचलंच नाही."



पुढचे चार दिवस कॉलेजातून आल्यावर कीर्ती एकेक चौकट फोडून आतला मजकूर साध्या परिच्छेदात बसवत होती. दोनशे चौदा चौकटी. ती वाचतही होती, आणि वाचता वाचता तिच्या एक गोष्ट लक्षात येत होती, पण ती सुनेने सासऱ्याला सांगण्यासारखी नव्हती. गुरुवारी अख्खी कादंबरी ग्रुपवर गेली. सोबत गुरुजींनी लिहिलं की तांत्रिक दोषामुळे आधी अपूर्ण प्रत मिळाली होती, तरी आता खरी कादंबरी वाचावी ही विनंती.

सगळ्यांनी नमस्काराचे हात पाठवले.

एक आठवडा गेला. सुमतीताईंच्या डोळ्यांत पुन्हा थेंब घालावे लागत होते, असं त्यांनी आपणहून कळवलं. गुरुजींनी नियाजभाईंना फोन केला आणि कुठपर्यंत आलात म्हणून विचारलं. नियाजभाई म्हणाले, सात टक्के. पुढच्या रविवारी बागेत भेटले तेव्हाही सातच टक्के होते. नियाजभाईंनी यंत्राच्या बॅटरीचं काहीतरी सांगितलं आणि गुरुजींची नजर चुकवली. मितालीने फोन करून फार जपून विचारलं की पहिली प्रत छापली तर चालेल का. गुरुजी म्हणाले की ती प्रत नव्हे, तो अपघात आहे, आणि फोन ठेवला. मिताली पुस्तक काढणारी शेवटची व्यक्ती असू शकते हे त्यांना कळत होतं. तरी ते तिच्याशी पुन्हा बोलले नाहीत, घरात कोणाशीच फारसं बोलेनात. संगणकावर त्यांनी टॉवेल टाकून ठेवला.

मैनेने नवऱ्याची कादंबरी वाचली नव्हती. तिची शाळा चौथीपर्यंत झाली होती आणि एवढं लांब वाचायची तिला सवय नव्हती. पण घरात माणूस असा का वागतो ते तिला कळेना. शनिवारी सकाळी ओल्या बोंबलांची पाटी घेऊन ती मागच्या ओट्यावर बसली आणि कीर्तीला म्हणाली, "बाय, ह्यांच्या त्या पुस्तकात हाय तरी काय? मना सांग."

कीर्तीने सांगण्याऐवजी फोन तिच्याजवळ खिडकीत ठेवला. फोनला मोठ्याने वाचायची सोय होती. एक बाई एकसुरी आवाजात वाचू लागली, रेल्वे स्टेशनवर गाडी उशिरा येत असल्याचं सांगावं तशी. फोनमध्ये दोन्ही फाइली होत्या. कोणती लावली हे नंतर कोणी विचारलं असतं तरी कीर्तीने सांगितलं नसतं.

गुरुजी आतल्या खोलीत होते. पहिल्यांदा त्यांनी दार लोटून घेतलं. थोड्या वेळाने आवाज येतच राहिला म्हणून ते फोन बंद करायला सांगण्यासाठी मागच्या दारात आले. मैनेची पाटी तशीच होती. सुरी हातात होती आणि बोंबील पाण्यात पडले होते. फोनमधली बाई वाचत होती की विठू संध्याकाळी घरी येतो, उंबऱ्यावर बसतो, आणि त्याची पोरगी चुलीवर तेल कोमट करून त्याच्या टाचांच्या भेगांत भरते. बाप म्हणतो, झोप आता. पोरगी झोपत नाही, दुसरा पाय ओढून घेते.

मैनेने वर पाहिलं.

"ह्यो माजा बाप हाय," ती म्हणाली.

लग्न झालं त्या वर्षी कधीतरी बोलता बोलता तिने त्यांना हे सांगितलं होतं. पुन्हा कधी विषय निघाला नव्हता.

"तुमच्या ध्यानात रायलं व्हतं?"

"राहिलं," गुरुजी म्हणाले.

तिने डोळे पुसले, हाताला मासळीचा वास होता म्हणून मनगटाने. गुरुजी ओट्यावर टेकले. त्यांना आठवत होतं की त्या वाक्यापुढे आपण चार पानांची चौकट घातली आहे, नक्षत्रांची. फोनमधली बाई मात्र तिथे न थांबता पुढे गेली, दुसरा दिवस उजाडला आणि विठू कामाला लागला. गुरुजींनी नक्षत्रांची वाट पाहिली. मग ते वाट बघायचं विसरले. दोघंही दुपारपर्यंत तिथे बसून होती. शैलेश जेवण कुठे आहे म्हणून विचारायला आला, तर गुरुजींनी त्याला हाताने गप्प केलं. विठूच्या आगरात पहिली मातीची गाडी रिकामी होते तिथे गुरुजींचेच डोळे भरून आले. आपण हे लिहिलं आहे हे त्यांना जरा उशिराने आठवलं.

'समाप्त' झाल्यावर त्यांनी मैनेला हळूच विचारलं की तुला यात चांदणं वगैरे हवं होतं का.

"मिठागरात चांदनं बगाया येळ कोनाला व्हता?" मैना म्हणाली, आणि बोंबील पुढ्यात ओढले.

संध्याकाळी गुरुजींनी संगणकावरचा टॉवेल काढून घडी घालून ठेवला. कीर्तीला हाक मारून ते म्हणाले, "ती तुझीवाली फाइल मितालीला पाठव." मग जरा थांबून म्हणाले की नाव मात्र बदलू, 'क्षारवैभव' नको, नुसतं 'विठूचं आगर' म्हणू. कीर्तीने चौकटींची एक वेगळी फाइल करून ती जपून ठेवल्याचं सांगितलं. गुरुजी म्हणाले, असू दे.

पुस्तक दिवाळीनंतर आलं, एकशे शहात्तर पानांचं. संघाच्या हॉलमध्ये नियाजभाईंनीच प्रकाशन केलं. पेणला, उरणला, अलिबागला प्रती गेल्या. वाचकांचे फोन येऊ लागले, त्यांत मिठागरात काम केलेली म्हातारी माणसं होती, आणि ती फोनवर फार कमी बोलत. फेब्रुवारीत मितालीने सांगितलं की दुसरी आवृत्ती काढावी लागेल. गुरुजींनी ते घरात दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा मैना म्हणाली की तिला ऐकू येतं.

त्याच सुमारास शिरढोणच्या शाळेत शिकवणाऱ्या तूबा काझी नावाच्या मुलीचं पत्र आलं. हाताने लिहिलेलं, चार पानी. तिने वर्गात पुस्तकाची तीन प्रकरणं वाचून दाखवली होती. तिने मिठागर कधी पाहिलं नव्हतं, आणि गुरुजी दाखवतील का, असं विचारलं होतं.

रविवारी सकाळी शैलेशच्या गाडीतून सगळे निघाले. उरणच्या बाजूला एक जुनं आगर अजून चालू होतं. बांधावर उभं राहिल्यावर समोर वाफ्यांत पाणी चमकत होतं आणि कडेला मिठाचे पांढरे ढीग होते. मैनेने चपला काढल्या आणि एका वाफ्याच्या कडेला जाऊन तिथल्या कामकरी बाईशी बोलत बसली. गुरुजी तूबाला दाखवू लागले. आधी त्यांनी पाणी कुठून येतं ते सांगितलं. मग भरतीचं पाणी कसं येतं ते सांगितलं. मग भरतीच्या वेळी आभाळ कसं असतं ते. मग वारा. तूबा वहीत लिहून घेत होती. गुरुजींचा आवाज चढत गेला, हात हलू लागले, आणि पौर्णिमेला या मिठावर चांदणं पडतं तेव्हा काय होतं इथपर्यंत ते आले. तास झाला, सव्वा तास झाला. ऊन तापलं. शैलेश गाडीत जाऊन बसला. तूबा मात्र जागची हलली नाही, तिच्या वहीची पानं भरत चालली होती.

शेवटी गुरुजी दम घ्यायला थांबले. तूबाने वही मिटून छातीशी धरली. तिचा चेहरा उजळला होता.

"गुरुजी, किती सुंदर सांगता तुम्ही," ती म्हणाली. "हे सगळं पुस्तकात का नाही लिहिलंत?"

काशिराम गुरुजींनी वळून कीर्तीकडे पाहिलं. कीर्ती खाली वाकून चपलेचा चिखल पुसत होती.